‘टेस्ट क्लस्टरवर टाका, सगळं आपोआप सुटेल’ हे खरं नाही

नागपुरातल्या टेस्टिंगवाल्यांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. बर्डीवरच्या क्लासमध्ये तो शिकवला जातो, मुलाखतीत पाठ केलेल्या उत्तरासारखा म्हणून दाखवला जातो, आणि संध्याकाळी आयटी पार्कबाहेर चहाला उभं राहिलं की कुणी ना कुणी तो ऐकवतोच. थोडक्यात तो असा: "ब्राउझर टेस्ट कुबरनेटीसवर टाका. चार तासांचा संच दहा मिनिटांत होतो. पॉड मेला तर आपोआप परत उभा राहतो, त्यामुळे फ्लेकी टेस्ट उरत नाहीत. कंटेनर सगळीकडे सारखाच, म्हणून ‘माझ्याकडे तर चालतं’ हा वाद संपतो. काम नसलं की पॉड शून्यावर, म्हणजे खर्चही शून्य. आणि टेस्टरला यातलं काही शिकावं लागत नाही." यातले शब्द आधी सांगतो. ब्राउझर टेस्ट म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने ब्राउझर चालवून वेबसाइट तपासणं. कंटेनर म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेलं सॉफ्टवेअरचं गाठोडं. क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेली यंत्रं, कुबरनेटीस म्हणजे त्यांवर कंटेनर चालवणारी व्यवस्था, आणि कंटेनर ज्यात चालतो तो तिचा छोटा घटक म्हणजे पॉड. कोडात काही न बदलता कधी पास, कधी नापास होते ती फ्लेकी टेस्ट.

आमच्याकडे सेलेनियम ग्रिड, म्हणजे अनेक ब्राउझरांवर टेस्ट वाटून देणारं साधन, क्लस्टरवरच चालतं आणि ते तिथून हलवायचा माझा विचार नाही. तक्रार या मजकुराबद्दल आहे. तो वाचून आलेल्या नव्या मुलांची टेस्ट लाल (म्हणजे नापास) झाली की दोष सरळ त्यांच्या माथी येतो, कारण क्लस्टर तर म्हणे सगळं आपोआप करतं! ही मुलं रात्री दहापर्यंत तीच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवत बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासतो.

आधी चार तासांची दहा मिनिटं. समजा २४० टेस्ट आहेत, प्रत्येकीला एक मिनिट लागतं. २४ ब्राउझर एकाच वेळी चालवले की दहा मिनिटांत काम संपलं. पण टेस्ट काही सगळ्या एका लांबीच्या नसतात. कर्जाच्या अर्जापासून मंजुरीपर्यंत जाणारी एखादी टेस्ट १४ मिनिटं घेत असेल, तर ब्राउझर २४ लावा की २४०, संच १४ मिनिटांच्या खाली येत नाही. आधी ती टेस्ट फोडावी लागते, आणि ते काम माणसाचं आहे. दुसरं म्हणजे, एकामागून एक चालणाऱ्या टेस्ट एकच लॉगिन वापरतात तेव्हा काही बिघडत नाही. त्याच टेस्ट एकाच वेळी चालल्या की एक हप्ता भरते आणि दुसरी त्याच खात्यात जुनी शिल्लक शोधत बसते. शिवाय चाचणीचा डेटाबेस एकच, तोही छोट्या यंत्रावर. ब्राउझर वाढवल्याने तो वाढत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इतक्या टेस्टसाठी क्लस्टर लागतंच असंही नाही. सेलेनियमचा नोड (ब्राउझर सांभाळणारा भाग) आपणहून यंत्रात जितके कोअर, म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्र भाग, तितकीच सत्रं घेतो, म्हणजे एका वेळी तितकेच ब्राउझर. आठ कोअरच्या एका यंत्रावर हाच संच साधारण अर्ध्या तासात होईल. रात्री चालणाऱ्या संचाला अर्धा तास पुष्कळ झाला.

आता सर्वांत घातक विधान: पॉड परत उभा राहतो म्हणून फ्लेकीपणा संपतो.

ब्राउझर टेस्ट कशी चालते ते बघा. आपला प्रोग्राम ब्राउझरला एकेक आज्ञा पाठवतो आणि प्रत्येक आज्ञेसोबत सत्राचा क्रमांक जातो. ही पद्धत म्हणजे वेबड्रायव्हर, जून २०१८ पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचं अधिकृत मानक. ते सत्र ब्राउझरच्या चालू प्रोसेसमध्ये असतं. लॉगिन, कुकी, अर्धवट भरलेला फॉर्म, सगळं तिथेच. पॉड मेला की हे सगळं त्याच्याबरोबर गेलं. कुबरनेटीस नवा पॉड उभा करतं हे खरं, पण त्यातला ब्राउझर कोरा असतो. आपली टेस्ट मात्र जुन्याच क्रमांकाने हाक मारत राहते आणि शेवटी ‘अवैध सत्र’ म्हणून पडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ग्रिड ४ मध्ये राउटर, डिस्ट्रिब्युटर, नव्या सत्रांची रांग आणि सत्रांची नोंदवही असे सुटे भाग आहेत. कुठलं सत्र कुठल्या नोडवर आहे ते नोंदवहीत असतं, पण नोडच गेला तर त्या नोंदीचा उपयोग काय? कुठलीही विनंती कुठल्याही प्रतीकडे गेली तरी चालेल अशा सेवांना पॉड बदलणं छान मानवतं. अर्ध्यात आलेलं ब्राउझर सत्र त्या जातीचं नाही.

(इथे एक घोळ नेहमी होतो. कुबरनेटीसमध्ये नोड म्हणजे यंत्र, आणि सेलेनियममध्ये नोड म्हणजे ब्राउझर सांभाळणारा भाग, जो क्लस्टरवर एका पॉडमध्ये बसतो. "नोड पडला" असं कुणी म्हणालं की आधी कुठला ते विचारा. आमच्या टीममधले निम्मे वाद या एका प्रश्नाने मिटले.)

त्यातही पॉड अपघातानेच मरतात असं नाही, पुष्कळदा कुबरनेटीसच त्यांना बंद करतं. सीपीयू बघून पॉड कमी-जास्त करणारी नेहमीची व्यवस्था लावली की वापर उतरल्यावर ती काही पॉड काढून टाकते. ज्या पॉडमध्ये तुमची टेस्ट चालू आहे तो काढू नये, हे तिला आपणहून कळत नाही. पॉडला आधी थांबायची सूचना जाते, ३० सेकंदांची डीफॉल्ट मुदत मिळते आणि मग तो सक्तीने बंद होतो. तीन मिनिटांची टेस्ट मध्येच तुटते. मुळात सीपीयू हे इथे चुकीचं माप आहे. ब्राउझर बराच वेळ पान येण्याची वाट बघत असतो. रांगेत ६० सत्रं खोळंबलेली असली तरी सीपीयूचा आलेख शांत दिसू शकतो. बघायची ती रांगेची लांबी. केडा नावाचं साधन ग्रिडची रांग वाचून पॉड वाढवतं, आणि प्रत्येक सत्रासाठी वेगळा जॉबही (एका कामापुरता पॉड) सोडू शकतं, म्हणजे सत्र संपलं की पॉड आपोआप संपतो. कायमचे पॉड ठेवायचे असतील तर बंद होण्याआधी नोडला ‘नवं सत्र घेऊ नको, हातातलं पूर्ण कर’ असं सांगावं लागतं आणि ती ३० सेकंदांची मुदत वाढवावी लागते. यातलं प्रत्येक कलम कुणीतरी बसून लिहिलेलं असतं.

आणि क्लस्टर असलं की फ्लेकीपणा जातो असं कुणाला अजूनही वाटत असेल, तर गूगलचं उदाहरण घ्या. कुबरनेटीस २०१४ मध्ये त्याच कंपनीतून बाहेर आलं, तेव्हा यंत्रांची किंवा ती चालवणाऱ्या माणसांची त्यांना वाण नव्हती. तरी २०१६ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये कमी-अधिक फ्लेकीपणा आहे.

मला यातली खरी भीती वेगळी आहे. ‘क्लस्टरवर अधूनमधून पडतंच’ असं एकदा मनात बसलं की पाइपलाइनमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या साखळीत) ‘पडली तर तीनदा चालवा’ असं लिहिलं जातं. मग खरा दोषही त्याच चाळणीतून निसटतो.

आमच्याकडे तेच होता होता राहिलं. एका पतसंस्थेच्या हप्ता भरण्याच्या पानाचं काम होतं. हप्ता भरला की एकच पावती निघाली पाहिजे, एवढी साधी टेस्ट. टीममध्ये काटोलहून आलेली एक मुलगी आहे, पहिलीच नोकरी. तिच्या लॅपटॉपवर टेस्ट हिरवी, क्लस्टरवर मधूनच दोन पावत्या. सगळे म्हणाले फ्लेकी आहे, थांबण्याचा वेळ वाढव. ती मला म्हणाली, "सर, लॅपटॉपवर तं पास होते नं. तिकडे गेली का काऊन मरून राहिली?"

आम्ही दोघं बसलो. ब्राउझरच्या पॉडला सीपीयूची मर्यादा अर्धा कोअर होती. ऐकायला ठीक वाटतं, पण लिनक्स ही मर्यादा १०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत मोजतं. अर्धा कोअर म्हणजे प्रत्येक तुकड्यात ५० मिलिसेकंद. क्रोम एकाच वेळी अनेक थ्रेड (कामाचे समांतर धागे) चालवतं. चार थ्रेड एकदम धावले तर ते ५० मिलिसेकंद साडेबारा मिलिसेकंदांतच संपतात आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी ब्राउझर गोठलेला. सरासरी वापराच्या आलेखात हे दिसत नाही, थ्रॉटलिंगचा, म्हणजे असं रोखून धरण्याचा, आकडा वेगळा काढावा लागतो. तर असा अडखळत चालणारा ब्राउझर, आणि पानाच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं की दोन सेकंदांत उत्तर हाती आलं नाही तर विनंती पुन्हा पाठवा. सर्व्हरला दुसरी विनंती ही पहिलीचीच नक्कल आहे हे ओळखता येत नव्हतं. म्हणून दोन पावत्या.

म्हणजे टेस्ट बरोबर होती. खेड्यात कमी रेंज असलेल्या जुन्या फोनवरून हप्ता भरणाऱ्या माणसाचे पैसे तसेच दोनदा कापले गेले असते. थांबण्याचा वेळ वाढवला असता किंवा तीनदा चालवून हिरवं करून घेतलं असतं, तर ते आमच्या नजरेआड झालं असतं. सर्व्हर दुरुस्त झाला. पॉडची मर्यादा आम्ही नंतर वाढवली, आधी नाही.

तिसरं विधान, कंटेनर सगळीकडे सारखाच. इमेज, म्हणजे कंटेनर ज्या साच्यातून उभा होतो तो, सारखी असते. तिच्याभोवतीचं बरंच काही सारखं नसतं.

कंटेनरमध्ये सामायिक मेमरीची जागा, म्हणजे ‘डेव्ह एसएचएम’, डीफॉल्टने फक्त ६४ एमबी असते. क्रोम ती भरपूर वापरतं. जड पान उघडलं की टॅब कोसळतो आणि टेस्टच्या लॉगमध्ये ‘पेज क्रॅश’ एवढंच येतं. लॅपटॉपवर हे कधी दिसत नाही, कारण तिथे ही जागा कितीतरी मोठी असते.

मग वेळ. कंटेनरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे मध्यरात्री १२ पासून पहाटे साडेपाचपर्यंत पॉडमध्ये कालचीच तारीख असते, आणि आपले रात्रीचे संच नेमके याच वेळात चालतात. पतसंस्थेच्या कामात १ एप्रिलच्या पहाटे हे किती महागात पडेल बघा. आपल्याकडे नवं आर्थिक वर्ष लागलेलं, पॉडमधल्या ब्राउझरच्या लेखी अजून ३१ मार्च. दिवसा चालवलेली तीच टेस्ट हिरवी, रात्री लाल, आणि सकाळी सगळे म्हणतात फ्लेकी. पॉडला टाइमझोन सांगणं ही एका ओळीची गोष्ट आहे, पण ती ओळ कुणीतरी लिहायला हवी.

आपल्या भाषेचा प्रश्न तर कुणी काढतच नाही. हलक्या लिनक्स इमेजमध्ये बहुधा देवनागरी फॉन्ट नसतो, मग मराठी पानाच्या स्क्रीनशॉटवर अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. मजकूर वाचून तपासणारी टेस्ट तरीही पास होते, कारण पानाच्या कोडमध्ये अक्षरं शाबूत असतात. चित्रांची तुलना करणाऱ्या टेस्टचं याहून वाईट. मूळ नमुनाच कंटेनरमध्ये काढला असेल तर आज चौकोन, उद्याही चौकोन, तुलना हिरवी. पानावर जोडाक्षरं तुटली, वेलांटी भलतीकडे गेली, तरी त्या टेस्टला ते कधीच दिसणार नाही. मराठी पानांची टेस्ट करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पॉडमधला एक स्क्रीनशॉट आजच उघडून बघावा. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट इमेजमध्ये घातला की काम होतं.

रांगेचीही तीच गत. ग्रिडमध्ये नव्या सत्राची विनंती डीफॉल्टने ३०० सेकंद थांबू शकते. समोर एनजिनएक्स (विनंत्या पुढे पाठवणारा वेब सर्व्हर) असेल तर उत्तराची वाट बघण्याची त्याची डीफॉल्ट मर्यादा ६० सेकंदांची. रांग लांबली की ६१व्या सेकंदाला ५०४, म्हणजे ‘उत्तर वेळेत आलं नाही’ हा दोष, आणि ग्रिडच्या लॉगमध्ये शोधलं तर दोष काहीच नाही. सफारीबद्दल एकच वाक्य पुरे: ती फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालते, लिनक्स पॉडमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि एज मिळतील, आयफोनवाल्या ग्राहकाची टेस्ट वेगळीच करावी लागेल.

खर्चाचं विधान लवकर संपतं. पॉड शून्यावर आले तरी बिल यंत्राचं येतं. यंत्रं कमी करणारा क्लस्टर ऑटोस्केलर रिकामं यंत्रही डीफॉल्टने दहा मिनिटं ठेवून बघतो आणि मगच काढतो. तुमची पाइपलाइन दर दहा मिनिटांनी चालत असेल तर ते यंत्र दिवसभर सुटतच नाही.

राहिलं शेवटचं, टेस्टरला यातलं काही शिकावं लागत नाही. मला हे वाक्य सर्वांत जास्त लागतं, कारण त्यामुळे नागपुरातल्या हुशार मुलामुलींना वाटतं की आपलं काम लोकेटर (पानावरचं बटण किंवा रकाना शोधणारी ओळ) लिहिण्यापुरतं आहे आणि बाकी सगळं यंत्रणा सांभाळणारे डेव्हऑप्सवाले बघतील. पॉड का मेला हे बघायला फार मोठं शिक्षण लागत नाही. पॉडचं वर्णन मागवायची एक आज्ञा असते, तिच्यात शेवटचं कारण लिहून येतं.

त्या काटोलच्या मुलीने ते दोन दुपारींत शिकून घेतलं. पुढच्याच महिन्यात मोठ्या अहवालांच्या टेस्ट पडायला लागल्या. कुणीतरी ‘डेव्ह एसएचएम’ची अडचण सोडवायला पॉडला मेमरीतली दोन जीबी जागा जोडली होती, आणि पॉडची एकूण मेमरी मर्यादा एक जीबीच ठेवली होती. अशी जागा जितकी भरते तितकी कंटेनरच्या मर्यादेतूनच वजा होते. जड अहवाल उघडला की पॉड मरायचा. तिने वर्णन मागवलं, कारणात ‘ओओएमकिल्ड’ (मेमरी संपल्याने मारला) आणि कोड १३७ दिसला, म्हणजे १२८ अधिक सक्तीने बंद करायचा ९ नंबरचा सिग्नल. मर्यादा तिने तीन जीबी करून घेतली.

सकाळच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की त्या अहवालाच्या टेस्ट फ्लेकी आहेत, काढून टाका. ती म्हणाली, "फ्लेकी नाहीत सर. पॉडला मेमरी कमी दिली होती. काल वाढवली, वीसदा चालवून पाहिली, एकदाही पडली नाही."