तात्पर्य नसलेली गोष्ट

परवा एका पालकांनी बाजारात गाठलं. "सर, ते राक्षसाचं पुस्तक काऊन दाखवून राह्यले पोरायले? आमचं पोट्टं रातच्याला दात इचकून बहिणीले भेव दाखवते." तिथं उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

पुस्तक आहे मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. १९६३ साली अमेरिकेत निघालं. साडेतीनशेहूनही कमी शब्द. चित्रंही सेंडाक यांचीच, आणि त्यांसाठी १९६४ चं कॅल्डेकॉट पदक (अमेरिकेत लेकरांच्या चित्रपुस्तकाला दिलं जाणारं) मिळालं. मॅक्स नावाचा पोरगा लांडग्याचा पोशाख घालून घरभर धिंगाणा घालतो, काटा घेऊन कुत्र्यामागं धावतो. आई ओरडते, तर तिलाच म्हणतो, खाऊन टाकीन तुला. मग उपाशीच खोलीत रवानगी. तिथं जंगल उगवतं, होडी येते, आणि हा अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जाऊन त्यांचा राजा होतो.

तक्रार नवी नाही. ब्रुनो बेटेलहाइम या नावाजलेल्या बालमानसतज्ज्ञांनी १९६९ मध्ये हाच सूर लावला होता: आईनं उपाशी झोपायला पाठवलं, याची लेकरं धास्ती घेतील. मोठ्या माणसांना भीती वाटत राहिली आणि लेकरं वाचत राहिली. साठ वर्षं झाली या गोष्टीला.

माझं मत असं की हे पुस्तक टिकलं कारण ते लेकराच्या रागाला रागच म्हणतं. आपल्याकडं गोष्ट संपली की खाली तात्पर्य येतं आणि लेकरू पुस्तक मिटतं. इथं मॅक्स कुणाची माफी मागत नाही. राजेपणाचा कंटाळा येतो, आपल्यावर जीव असणारं माणूस हवंसं वाटतं, दुरून जेवणाचा वास येतो, म्हणून तो निघतो.

चित्रांची करामत माझ्या आधी तिसरीतल्या एका पोरीनं पकडली. पहिलं चित्र लहान, भोवती भरपूर कोरी जागा. मॅक्सचा राग वाढतो तसं चित्र पसरतं, पलंगाचे खांब झाडं होतात, पांढरी चौकट खाल्ली जाते. ती पानागणिक कडेला बोट लावून मोजत होती: "सर, आता एवढीशीच राह्यली." पुढं सलग तीन जोडपानं नुसता हैदोस, एक शब्द नाही. परतीच्या वाटेवर चित्र पुन्हा आखडतं, आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही. जेवण वाढून ठेवलेलं आहे आणि ते अजून गरम आहे, एवढंच. आई अख्ख्या पुस्तकात एकदाही दिसत नाही, तरी ‘जेवण कोणं ठेवलं?’ असं माझ्या वर्गात कुणी विचारलं नाही.

आता जंगलाचं. आमचा चंद्रपूर जिल्ह्यातला सिंदेवाही तालुका म्हणजे धानाच्या बांध्या आणि त्यांना लागून रान. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बाया घरी येईस्तोवर घरच्यांच्या जिवात जीव नसतो. अशा गावात जंगलाचं पुस्तक कसं चालेल, ही धाकधूक मलाही होती. पण मॅक्स त्या प्राण्यांच्या पिवळ्या डोळ्यांत पापणी न लववता बघतो आणि ते गार पडतात, त्या पानावर मागच्या बाकावरून आवाज आला, "बरोबर हाय सर. वाघ दिसला तं पाठ नाई दाखवाची, त्याच्याकडं पाहातच मांगं सरकाचं." ज्या लेकरांनी भीती खरीखुरी पाहिली आहे, त्यांना कागदावरच्या भीतीशी खेळायचा हक्क जरा जास्तच आहे, असं मला वाटतं.

हे प्राणी सुचले कुठून? सेंडाक यांचे आईवडील पोलंडहून ब्रुकलिनला आलेले ज्यू. घरी येणारे नातेवाईक गाल ओढायचे, वेडेवाकडे दात दाखवत ‘खाऊनच टाकते तुला’ म्हणायचे. तेच पुढं राक्षस झाले. आमच्या लग्नसराईत फिरून या एकदा, तसे निदान दहा भेटतील. (माझी एक आत्या तर अगदी त्या शिंगवालीसारखी. ती फेसबुकवर नाही, म्हणून लिहितोय.)

या पुस्तकावरचा २००९ चा सिनेमाही पाहिला. देखणा आहे, पण मॅक्सला राग का येतो हे समजावत बसतो, तिथं माझं मन उडालं.

तर त्या पालकांना आणि कुणी घरी वाचून दाखवणार असेल त्यांनाही एकच सांगणं: त्या तीन जोडपानांवर आपण तोंड उघडायचं नाही. पोट्टे बाकावर चढतील, डरकाळ्या फोडतील, फोडू द्या. शेजारच्या वर्गाच्या मॅडम दारात येऊन उभ्या राहतील, त्यांची माफी मी मागून घेतो.