मालकाचं उत्तर: ‘दोन तासांतले आठ सेकंद कापले’

नमस्कार सर,

तुमच्या नाचाच्या कार्यक्रमाची व्हिडिओ डिस्क दोन दिवस उशिरा मिळाली आणि कव्हरवर तुमच्या मुलीच्या नावातला काना राहून गेला, या दोन्हींबद्दल मनापासून माफी मागतो. चूक आमचीच. कव्हर नवीन छापून ठेवलंय. (उशिराबद्दल एवढंच, की नाचांचा क्रम तीनदा बदलला तो आम्ही नव्हे. असो.)

पण “दोन तासांचे पैसे घेतले आणि आठ सेकंद कापून दिले” असं तुम्ही एक स्टार देऊन सगळ्यांसमोर लिहिलंत, ते मात्र जिव्हारी लागलं. सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. न विचारता कुणाच्या कार्यक्रमाची एक फ्रेमसुद्धा, म्हणजे व्हिडिओतलं एक सुटं चित्रसुद्धा, उडवलेली नाही.

एडिटिंगच्या वेळी तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. शेवटी मॉनिटरवर ०२:००:००;०० (तास, मिनिटं, सेकंद आणि शेवटी फ्रेम) आलं तेव्हा “वा, बरोब्बर दोन तास!” हे तुमचेच शब्द. तीच डिस्क घरच्या प्लेअरवर १:५९:५२ ला संपते. दोन्ही ठिकाणी फ्रेम तितक्याच आहेत, मोजायची रीत वेगळी.

तुमच्या टेप अमेरिकेतून आणलेल्या कॅमेऱ्याच्या, म्हणजे एनटीएससी, तिकडची टीव्ही-व्हिडिओची पद्धत. तिथे सेकंदाला ३० फ्रेम असं म्हणतात खरं, पण असतात २९.९७. हे काही मी ठरवलेलं नाही. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक मंजूर झालं, तेव्हा रंगाच्या आणि आवाजाच्या सिग्नलनी एकमेकांत लुडबूड करू नये म्हणून चित्राचा वेग हजारात साधारण एक भाग कमी केला. आता पाव-अर्धी फ्रेम मोजता येत नाही, म्हणून मशीन तीस-तीसचेच गठ्ठे बांधतं आणि त्याचा ‘सेकंद’ घड्याळातल्या सेकंदाहून किंचित लांब होतो. तासाला १०८ फ्रेम, म्हणजे ३.६ सेकंदांची तूट.

ती भरून काढायला एडिटिंगमध्ये ड्रॉप फ्रेम टाइमकोड असतो (टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा नंबर). प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ हे दोन नंबर गाळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. नंबर गाळायचे सर, फ्रेम नाही! वहीवर नंबर घालताना १३ नंतर एकदम १६ घातला म्हणून मधली दोन पानं फाडली असं होत नाही. मॉनिटरवर शेवटच्या दोन शून्यांआधी अर्धविराम होता ना, ती याचीच खूण. डिस्कमधल्या वेळेच्या नोंदी मात्र सरळ ३० ने मोजलेल्या असतात, आणि तुमचा प्लेअर तेच दाखवतो. तुमच्या कार्यक्रमाच्या फ्रेम आहेत २,१५,७८४. भागिले ३० करून बघा: ७१९२.८ सेकंद, म्हणजे १:५९:५२ आणि वर २४ फ्रेम. तेव्हा फरक आठचासुद्धा नाही, ७.२ सेकंदांचा आहे.

तुमचं लिहिलेलं वाचल्यावर झोप लागली नाही. रात्रीच दुकान उघडून प्रोजेक्ट आणि डिस्क शेजारी-शेजारी लावून शेवट पाहिला. पडदा पडतो, मग एक चिमुरडी फटीतून डोकावून हात हलवते. दोन्हीकडे आहे ती, हात खाली येतो त्या शेवटच्या फ्रेमपर्यंत. तुम्हीही मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पाहा. मध्ये पॉज केलं नाहीत तर दोन तासच भरतील.

हे सगळं तुम्ही रात्री साडेअकराला फोन केलात तेव्हाच सांगायला लागलो होतो. “मला शिकवू नका” म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तरी डिस्क देतानाच कल्पना द्यायला हवी होती, हे कबूल. पाल, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीचा, कॅमेरा असता तर सेकंदाला सरळ २५ फ्रेम आणि ही वेळच आली नसती, त्यामुळे सांगायचं सुचलंच नाही. यापुढे असं काम आलं की पावतीवर एखादी ओळ लिहू, किंवा तसं काहीतरी करू.

कव्हर कधीही घेऊन जा. स्टार एकच राहिला तरी चालेल, ‘कापले’ हा शब्द तेवढा काढता आला तर बघा.