उकरू द्या की!

लेकीने पेरलेली बी चौथ्या दिवशी उकरून काढली आणि मी ओरडले, "अगं, अशाने उगवेल का ती?" तर म्हणाली, "पण आत काय चाललंय ते दिसतच नाहीये ना मला!"

आता यावर काय बोलणार? चूक माझीच होती. एकच बी द्यायची, वर हात लावू नकोस म्हणायचं आणि पोरीने आठवडाभर मातीकडे बघत बसायचं. दुसऱ्या दिवशी घेवड्याच्या डझनभर बिया भिजवल्या आणि सांगून टाकलं, रोज एक उकरायची.

भिजलेल्या बीची साल आधी सुरकुतते, मग नखाने अलगद सुटते. दोन दलं वेगळी केली की एका दलाला चिकटलेला इवलासा कोंब दिसतो. भिंगातून पाहिलं तर त्याला घडी घातलेली दोन पानं, पानांवर शिरासुद्धा! "आई, हे तर आधीच झाड आहे!" कुठल्याही तक्त्याने हे तिला दाखवलं नसतं.

तक्त्यांवरून आठवलं. 'बी + माती + पाणी + सूर्यप्रकाश = रोप' असं सगळीकडे रंगवलेलं असतं. बहुतेक बियांना रुजायला ना माती लागते ना ऊन. ओल, हवा आणि ऊब मिळाली की झालं. आम्ही ओल्या कापडावरची एक बशी खिडकीत ठेवली, एक बंद कपाटात. दोन्ही रुजल्या. कपाटातले कोंब पुढे लांबुडके, पिवळट झाले, कारण हिरवं व्हायला ऊन लागतं, आणि दलांतली शिदोरी संपत आल्यावर अन्न बनवायलाही. वाटीभर पाण्यात बुडवलेल्या मात्र कुजल्या. (तो वास अजून नाकात आहे.)

मग प्रश्न आला, झाड एवढं मोठं होतं तर कुंडीतली माती संपत कशी नाही? व्हान हेलमाँट नावाच्या माणसाला हेच कोडं पडलं होतं. त्याने विलोचं रोप मोजून घेतलेल्या मातीत लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे 74 किलोंनी वाढलं, माती जेमतेम 60 ग्रॅम घटली. हे 1648 मध्ये छापलं गेलं. सगळं पाण्यातून आलं असं त्याला वाटलं. हवेचा वाटा त्याच्या लक्षातच आला नाही. लेकीला मी कार्बन डायऑक्साइड वगैरे सांगत बसले नाही. "बरंचसं हवेतून," म्हटलं. तिने हवेत हात फिरवून मूठ उघडून पाहिली.

न उगवलेली बी रात्री गुपचूप बदलणारे आईबाप खूप आहेत. मागच्या खेपेला मीही तेच केलं होतं. पोर हिरमुसेल म्हणून. या वेळी उकरून पाच उरल्या, त्यातल्या चार वर आल्या. पाचवीला मी हात लावला नाही. काल तिनेच ती बाहेर काढली, बोटांनी दाबली, पचकन फुटली.

"ई! आई, वास घेऊन बघ."

घेतला.