आत्याचं ‘म्हणजे’

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय.

सकाळी आत्याला घेऊन एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गेले होते. एरवी आतेभाऊ नेतो, आज त्याला सुट्टी मिळाली नाही. दारातला क्यूआर कोड स्कॅन केला, आत्याचा १४ आकडी आभा नंबर (आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा सरकारी ओळख क्रमांक) जोडला गेला, टोकन मोबाइलवर आलं. केसपेपरच्या रांगेत जाणारा वेळ वाचला, हे मान्य.

आत रेसिडेंट डॉक्टर होता, पंचवीस-सव्वीसचा. बीपी निघालं १६८/९६. स्क्रीनवरची नजर न काढता त्याने विचारलं, ‘आजी, गोळी रोज घेता ना?’

आत्या म्हणाली, ‘हो, म्हणजे…’

‘हो’ ऐकलं आणि क्लिक केलं. पुढचा रकाना. ‘शुगर आहे?’

आत्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘राहू दे गं, कामात आहे तो.’

कामात आहे! तिच्या बीपीसाठी बसलेला डॉक्टर, आणि तिलाच वाटलं आपण मध्ये मध्ये करतोय. पाच मिनिटांत दुसऱ्या एका गोळीची चिठ्ठी हातात घेऊन आम्ही बाहेर.

रिक्षात तिने सांगितलं. गोळी अर्धी करून घेते. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या. ‘दर महिन्याला पोराचा खाडा होतो गं माझ्यापायी.’

त्या ‘म्हणजे’च्या पुढे एवढं सगळं होतं. आणि नोंदीत काय गेलं? औषध नियमित: हो. उद्या तिच्या संमतीने दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने ती नोंद उघडली, तर त्याला हेच दिसणार, आणि छापील अक्षरात दिसतंय म्हणून तो विश्वासही ठेवणार. हाताने लिहिलेला केसपेपर वाचता येत नव्हता, हरवत होता, सगळं खरं. पण म्हणून हे चालवून घ्यायचं?

राग त्या पोराचा नाही, आमचा आहे. आमचा म्हणजे शिकवणाऱ्यांचा. २०१९च्या बॅचपासून एमबीबीएसला एटकॉम आलं: वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद. मी फिजिऑलॉजीवाली, पहिल्या वर्षाला मीही शिकवते. त्यात एक मोड्यूलच आहे, ‘रुग्ण असणं म्हणजे काय’. आम्ही रोल प्ले घेतो. दोन खुर्च्या समोरासमोर, एक पोरगी पेशंट होते, एक पोरगा डॉक्टर. नाव सांग, डोळ्यांत बघ, बोलणं तोडू नकोस. पोरं इतकं मनापासून करतात! पण त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये आम्ही कधी कॉम्प्युटर ठेवलाय? कॉम्प्युटर शिकवतो अगदी सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्सला, वेगळ्या दिवशी, वेगळ्या हॉलमध्ये. संवाद एकीकडे, टायपिंग दुसरीकडे. दोन्ही एकदम करायची वेळ येते ती थेट ओपीडीत, बाहेर शंभर माणसं उभी असताना. तिथे आत्याचं ‘म्हणजे’ कोण ऐकणार?

शिकवता येतं हो हे. पहिलं मिनिट कीबोर्डला हात लावायचा नाही, ही एवढीशी सवय. स्क्रीन तिरकी ठेवायची, म्हणजे पेशंटला डॉक्टरची पाठ दिसत नाही. ‘आजी, मी हे लिहून घेतोय, तुम्ही बोला’ असं तोंडाने सांगायचं. लिहिलेलं वाचून दाखवायचं, ‘रोज एक गोळी, बरोबर ना?’ आत्या तिथेच म्हणाली असती, एक नाही रे बाळा, अर्धी. आणि मुळात ‘रोज घेता ना’ असं विचारायचंच नाही. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा चुकली?’ असं विचारायचं. स्क्रीनवर फक्त हो-नाहीचे चौकोन असले तरी तोंडातून येणारा प्रश्न आपलाच असतो.

गर्दीत एवढा वेळ कुठे, असं माझे सहकारी कमेंटमध्ये लिहितीलच. वेळ नाही, खरंय. पण नको असलेली दुसरी गोळी लिहून दिली त्याला वेळ लागलाच ना?

आता एक सांगते, सकाळपासून छातीवर दगड आहे त्याचा. ते ‘म्हणजे’ मीही ऐकलं होतं. मी तेव्हा मोबाइलवर पुढच्या तपासणीचं टोकन बघत होते.

मेडिसिनच्या एका मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, तूर्त जुनीच गोळी अख्खी घेऊ दे, नवी सुरू करू नका, सोमवारी परत दाखवा. आत्या आत्ता शेजारी बसून गोळ्या मोजतेय. मी चिडून टाइप करतेय हे तिला कळलंय. ‘त्या पोरावर रागावू नकोस हं,’ म्हणाली, ‘डोळे लाल होते बघ त्याचे. झोपला नसणार रात्री.’ आईने डबा दिला असेल का त्याला, हेही विचारून झालं.

सोमवारी मी रजा टाकलीय, आतेभावाचा खाडा नको. ओपीडी संपेपर्यंत थांबणार आहे, त्या मुलाला कँटीनमध्ये चहाला नेणार आहे आणि अर्ध्या गोळीची गोष्ट शांतपणे सांगणार आहे. आणि पुढच्या एटकॉमच्या तासाला दोन खुर्च्यांच्या मध्ये माझा लॅपटॉप. पेशंट व्हायला आत्या तयार आहे.