दुसरी बाटली

इंदूरमध्ये चाखल्याशिवाय कोणी काही घेत नाही. लौंग सेव घ्यायची तरी दुकानदार आधी तळहातावर चिमूटभर ठेवतो. आपण ती तोंडात टाकून शून्यात बघतो, 'मीठ जरा चढलंय' म्हणतो आणि अर्धा किलो बांधून घेतो. अशा संस्कारांत वाढलेल्या मला माझ्या मेहुण्याने जुन्या बोर्दोच्या, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनच्या, तोंडी दिलं.

पॅरिसहून येताना त्याने बोर्दोतल्याच मेदोक पट्ट्यातल्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, दोन्ही 2005 सालच्या. एक सगळ्यांनी चाखायची आणि पसंत पडली तर दुसरीत भागीदारी घ्यायची, असा बेत.

"खोलीच्या तापमानाला प्यायची असते," तो म्हणाला. खोली म्हणजे तिकडच्या दगडी वाड्यातली, सोळा-अठरा अंशांची. रामबागेतल्या आमच्या सासुरवाडीत मे महिन्यात कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. म्हणून दोन्ही बाटल्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, दोडक्यांशेजारी, आडव्या. उभ्या ठेवल्या तर बूच सुकतं म्हणे.

सुकलं नव्हतं, पण म्हातारं झालं होतं. स्क्रू फिरवला तसं अर्धं वर आलं, अर्ध्याचा भुगा आत. मग दिवे मालवून, गळ्याखाली मेणबत्ती धरून मेहुण्याने चहाच्या गाळणीतून वाइन सरबताच्या जगमध्ये हळूहळू ओतली. तळचा काळपट गाळ गळ्याशी सरकला, तसा हात थांबवला.

"वास घ्या. देवदार, तंबाखू, पेन्सिलीचं शिस... येतंय?"

सासरे शिक्षण खात्यातले. पेन्सिल ऐकताच त्यांनी मान डोलावली. मला कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ जड झालेली तेवढी कळली. पण वाईट नव्हती हो! दुसऱ्या घोटाला तर मी स्वतःहून ग्लास पुढे केला.

मेदोकच्या वाइन-मळ्यांची प्रतवारी 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी ठरली, तेव्हा इथे दुसरे तुकोजीराव होळकर गादीवर होते. पुढे संस्थानं गेली, तनखे गेले. त्या यादीत मोठी बढती मात्र एकच, 1973 साली, शातो मूताँ रॉथशिल्ड या मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात. "आमच्या खात्यातही इतकं रखडत नसे," सासरे म्हणाले.

"मग, जिजाजी, दुसरीत भागीदारी पक्की?"

"अशीच निघेल ना?"

"तसं सांगता येत नाही. जुनी झाली की प्रत्येक बाटलीची तऱ्हा वेगळी. कुठे हवा शिरते, कुठे बूच बिघडतं आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो."

"मग आज काय चाखलं?"

"ही."

"आणि घ्यायची?"

"ती."

"तर तीच उघड."

"उघडली की संपली, जिजाजी!"

शेवटी बाहेरूनच पारख करायची ठरली. ट्यूबलाइटपुढे बाटली धरून सासऱ्यांनी भिंग लावलं. वाइन मानेपर्यंत हवी, खांद्याखाली उतरली असेल तर संशय घ्यावा. मानेत होती. मी पाकीट काढलं.

"ही कधी उघडायची?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून दहा वर्षांनी, आई. आणखी खुलेल."

"दहा वर्षं? आणि कोथिंबीर कुठे ठेवू मी?"