लिंड्सबोर्गचा लाल घोडा आणि तुमचा आक्षेप

नमस्कार,

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात स्वीडिश स्थलांतरितांनी वसवलेल्या लिंड्सबोर्ग गावावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "हे पर्यटकांसाठी मांडलेलं दुकान आहे. ज्यांना स्वीडिशचं एक वाक्य धड बोलता येत नाही त्यांनी स्वीडिश कपडे घालून नाचायचं, याला संस्कृती म्हणत नाहीत, वेषभूषा स्पर्धा म्हणतात. तुम्हाला त्याचं कौतुक वाटतं, कारण तुमचीही मुलं उद्या असाच गणपती करणार आहेत."

शेवटचं वाक्य लागलं. म्हणूनच दोन ओळींत आभार मानून विषय संपवावासा वाटला नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते सांगते. रस्त्यारस्त्यावर उभ्या असलेल्या रंगीत दाला घोड्यांबद्दल मी लिहिलं होतं की तो या लोकांच्या पूर्वजांचा घोडा. ते चुकलं. 1869 साली पाद्री ओलोफ ओल्सन यांच्याबरोबर जी मंडळी स्मोकी हिल नदीच्या खोऱ्यात येऊन वसली ती व्हेर्मलांड प्रांतातली. लाल रंगाचा, वेलबुट्टीचा खोगीर रंगवलेला लाकडी घोडा शेजारच्या दालार्ना प्रांताचा. तो साऱ्या स्वीडनची खूण म्हणून जगभर पोचला 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानंतर, म्हणजे लिंड्सबोर्ग वसून सत्तर वर्षं झाल्यावर. आज गावात घराघराच्या दारावर घोड्याच्या आकाराची लाकडी पाटी आणि तिच्यावर आडनाव किंवा घरनंबर दिसतो, पण त्या घरातल्या पणजोबाने लहानपणी हा घोडा पाहिलाही नसेल.

डिसेंबरातल्या लुसिया या सणाचंही थोडंफार असंच. डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा, अशी एक मुलगी लुसिया होते. पश्चिम स्वीडनमधल्या घरांत ही चाल जुनी आहे, पण गावोगावी मिरवणारी लुसिया देशभर पसरली ती 1927 मध्ये स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा घेतल्यावर. ओल्सनची माणसं तोवर कॅन्ससात दोन पिढ्या मुरली होती.

म्हणजे तुमचा मुद्दा तुमच्यापेक्षा मीच जास्त पक्का करते आहे. आता तुम्ही जे पाहिलं नाहीत त्याकडे येते.

लिंड्सबोर्गमध्ये सगळ्यात जुनं आणि सगळ्यात निष्ठेने सांभाळलेलं जे आहे ते स्वीडिश नाहीच. ते आहे हँडेलचं 'मसाया'. जर्मनीत जन्मलेल्या, लंडनमध्ये स्थायिक झालेल्या संगीतकाराने इंग्रजी शब्दांवर बांधलेली, 1742 मध्ये डब्लिनला पहिल्यांदा गायली गेलेली रचना. 1881 मध्ये कार्ल स्वेन्सन या तरुण पाद्र्याने गावात बेथनी कॉलेज काढलं आणि पुढच्याच वर्षी, 1882 च्या मार्चमध्ये, गावाने 'मसाया' गायलं. गाणारे कोण? शेतकरी, त्यांच्या बायका, कॉलेजची पोरं. त्यांना घोटून घोटून तयार केलं ते स्वेन्सनची पत्नी आल्मा हिने.

त्या काळाचा जरा विचार करा. पहिली घरं म्हणजे जमिनीत खणलेली बिळंच होती. 1874 मध्ये टोळधाडीने कॅन्ससची उभी पिकं खाल्ली होती. ज्या दुष्काळातून ही माणसं निघाली, त्या 1867-68 च्या स्वीडनमधल्या दुष्काळात लोकांनी झाडाच्या सालीचं पीठ मिसळून भाकरी केली होती. अशा माणसांनी दिवसभर नांगर धरल्यावर संध्याकाळी कंदील घेऊन तालमीला यायचं आणि चार सुरांतलं, दमसास मागणारं अवघड संगीत बसवायचं. कशासाठी? तेव्हा त्या माळरानावर पर्यटक नव्हता हो. दुकान मांडायचं तरी कोणासाठी?

ही परंपरा तेव्हापासून चालत आली आहे; ईस्टरच्या पवित्र आठवड्यात तिथे 'मसाया' होतं. मी कॅन्ससमधल्याच विचिटा शहरात राहते, गाडीने तासाभराचा रस्ता. एका वर्षी बेथनीच्या सभागृहात मागच्या रांगेत बसून ऐकलं. कॉलेजची मुलं आणि गावकरी एकाच मंचावर. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई बसल्या होत्या, मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक, त्याची पाठ चिकटपट्टीने तीनदा जोडलेली. पुस्तक त्यांनी उघडलंच नाही. बायकांचा खालचा सूर सुरू होण्याआधी क्षणभर त्यांचा श्वास भरला जायचा, ओठ हलायचे, आवाज मात्र नाही. मध्यंतरात म्हणाल्या, चाळीसहून जास्त वर्षं मी तिथे वर उभी असायची, आता गुडघे उभं राहू देत नाहीत. माझी आजी वारकरी होती. पंढरपूरला जाणं थांबल्यावर ती दर आषाढीला दारात बसून अशीच ओठ हलवायची. मला त्या सभागृहात आजी आठवली, आणि म्हणून मी तो लेख लिहिला. कौतुकाचं कारण तुम्ही म्हणता ते नाही.

आता त्या नाचाबद्दल. स्वीडिश लोकनृत्याचा गावातला संच 1963 पासूनचा, हायस्कूलच्या मुलामुलींचा. ही मुलं स्वीडनलाही जाऊन नाचून येतात. ज्या उत्सवावर तुमचा मुख्य रोख आहे तो 'स्वेन्स्क हिल्निंग्सफेस्ट' विषम वर्षी ऑक्टोबरात भरतो. हिल्निंग म्हणजे मानवंदना. तो सुरू झाला 1941 मध्ये, कारण पहिल्या पिढीतले लोक एकेक करून जात होते आणि ते डोळ्यांदेखत असताना त्यांचा मान व्हावा असं काहींना वाटलं. ही कल्पना ज्यांनी उचलून धरली ते गावचे डॉक्टर विल्यम होल्वेर्डा स्वीडिश नव्हते, डच वंशाचे होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या गावाने आपल्याला सामावून घेतलं त्या गावाच्या म्हाताऱ्यांसाठी एका बाहेरच्याने सण उभा करायचा, आणि गावाने तो आपला मानायचा!

मी गेले त्या वर्षी नाचणाऱ्यांत एक सावळा मुलगा होता, पिवळी गुडघ्यापर्यंतची विजार, पांढरे मोजे. नाच सुरू होण्याआधी रस्त्याच्या कडेला एक आजी गुडघ्यावर बसून त्याच्या मोज्याचा लोकरी गोंडा बांधत होत्या. गोंडा निसटत होता. तिसऱ्यांदा त्यांनी गाठ मारली, पोटरीवर हलकेच थापटलं, आणि तो पळाला. त्याची आई माझ्याशेजारी उभी होती. तिने सांगितलं, आम्ही मेक्सिकोचे, या आजी आमच्या कोणी नाहीत, गेली कित्येक वर्षं सगळ्याच मुलांचे कपडे त्या शिवतात आणि दुरुस्त करतात. तुम्ही याला वेषभूषा स्पर्धा म्हणता. स्पर्धा असती तर बक्षीस असतं.

पैशाचं म्हणाल तर हो, पैसा येतो. 2020 च्या जनगणनेत पावणेचार हजार माणसं भरलेलं गाव आहे. त्या सपाट मुलखात अशी कितीतरी गावं ओस पडली. तरुण निघून जातात, मुख्य रस्त्यावरच्या काचांवर आतून कागद चिकटलेले दिसतात. लिंड्सबोर्गच्या मुख्य रस्त्यावर दुकानं उघडी आहेत, यात घोड्यांचा वाटा आहे. जेजुरीतला भंडारा विकणारा किंवा आळंदीतला टाळ विकणारा पोट भरतो म्हणून खंडोबा आणि माउली खोटे ठरत नाहीत.

शिवाय पर्यटक ज्यासाठी येत नाहीत अशा गोष्टीही हे गाव सांभाळतं. 1898 ची पिठाची गिरणी दुरुस्त करून ठेवली आहे आणि दर मे महिन्यात ती चालू करतात. 1904 च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनने उभारलेलं लाकडी दालन उचलून इथे आणलं गेलं, ते अजून उभं आहे. 1894 मध्ये बिर्गर सँडझेन नावाचा तरुण चित्रकार स्वीडनहून या कॉलेजात शिकवायला आला आणि पुढची साठ वर्षं, मरेपर्यंत, इथेच राहिला. तेलरंग इतका जाड लावायचा की कॅन्ससच्या ओढ्याकाठच्या झाडांवर बोट फिरवावंसं वाटतं. जगात कुठेही जाऊ शकला असता. त्याच्या नावाचं कलादालन गावात आहे, तिथे एक आख्खा दिवस काढा.

आणि ऊस्तकाका हा तिथला गोड पदार्थ. दूध फाडायचं नाही, विरजण लावायचं नाही. कोमट दुधाला रेनेट, म्हणजे दूध घट्ट धरवणारं द्रव्य, लावून ते धरू द्यायचं, मग गाळून अंडी, साखर, साय घालून भाजायचं. चवीला आपल्या खरवसाची सख्खी चुलत बहीण. वर लिंगन नावाच्या आंबट लाल फळांचा मुरांबा. चर्चच्या तळघरात मला वाढणाऱ्या बाईंना मी विचारलं की दूध धरलं हे कसं कळतं. त्यांनी चमच्याच्या पाठीने हवेत दाबून दाखवलं. शब्दांत सांगता येईना. माझ्या सासूबाई खरवसाबद्दल हेच करतात.

आता भाषा. इथे मी तुमच्याशी भांडत नाही. स्वीडिश त्या गावातून गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत परकी भाषा बोलणाऱ्यांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, शाळा इंग्रजीच्या, लग्नं बाहेर होऊ लागली, आणि चर्चमधली प्रार्थनाही हळूहळू इंग्रजीत आली. ते नुकसान गोंड्यांनी आणि घोड्यांनी भरून निघत नाही. आजीने लिहिलेली पत्रं नातीला वाचता येत नाहीत, हे दुःख मी तिथल्या एकीच्या तोंडून ऐकलं आहे.

पण भाषा गेली की सगळं मेलं, हे मला मान्य नाही. मॉरिशसचे मराठी लोक आठवा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेली माणसं. आज त्यांतल्या बहुतेकांच्या घरात क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली बोलली जाते. तरी गणेश चतुर्थीची त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपती समुद्रावर नेताना गावं लोटतात. त्यांना तुम्ही वेषभूषा स्पर्धक म्हणाल का? मला वाटतं, तुम्ही नाही म्हणणार.

आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या जेवणघरात बसतो. ढोल वाजवायला आठवड्यातून दोनदा मुलं जमतात, बर्फ पडला तरी जमतात. आरत्यांच्या कागदावर मात्र शब्द रोमन अक्षरांत छापलेले असतात, कारण मुलांना देवनागरी वाचता येत नाही. ही सोय मीच सुचवली होती, सहा वर्षांपूर्वी. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो कागद पुन्हा काढून पाहिला.

रविवारी सकाळी मुलीला जवळ घेऊन आईकडून आणलेलं आरत्यांचं जुनं पुस्तक उघडलं. ती अक्षर अक्षर जुळवत वाचत होती. 'नुरवी' या शब्दापाशी तिचं बोट थांबलं. चार वर्षांची असल्यापासून ती हा शब्द टाळ्या वाजवत म्हणते आहे. मी सांगितलं, न उरवी, उरू देत नाही, शिल्लक ठेवत नाही. ती म्हणाली, "अगं, मग हे दोन शब्द आहेत." आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.