थायामेथोक्झाममधलं गंधक कपाशीला किती मिळतं?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल भागातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत थायामेथोक्झाम या कीटकनाशकाबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘थायामेथोक्झाममध्ये गंधक असतं. फवारलं की तुडतुडे मरतात, वर कपाशीला गंधकही मिळतं. गंधक-चुना उकळून हेच औषध घरी होतं. शेवटी गंधकच ते, फुलोऱ्यातही बिनधास्त मारा.’

पहिलं वाक्य खरं आहे. या रेणूत थायाझोलचं पाच अणूंचं कडं असतं: तीन कार्बन, एक नायट्रोजन, एक गंधक. वजनानं गंधक ११ टक्के.

आता हिशोब करा. तुडतुड्यांसाठी २५ टक्क्यांचं औषध हेक्टरी १०० ग्रॅम लागतं. त्यात मूळ औषध २५ ग्रॅम, आणि गंधक जेमतेम पावणेतीन ग्रॅम! पिकाला गंधक द्यायचं तर हेक्टरी वीस-वीस किलो द्यावं लागतं. गंमत म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटमध्येही गंधक ११ टक्केच. पण ५० किलोच्या एका गोणीतून साडेपाच किलो मिळतं, तेही सल्फेटच्या रूपात, म्हणजे मुळांना थेट उचलता येईल असं. कड्यात बांधलेलं गंधक मुळांना तसं उचलता येत नाही.

गंधक-चुना उकळून कॅल्शियम पॉलिसल्फाइडचं नारिंगी, सडक्या अंड्यासारखं वास मारणारं पाणी होतं. भुरी रोगावर आणि कोळी किडीवर तो जुना उपाय आहे, पण त्यात थायाझोल औषधालाही सापडणार नाही. कारखान्यात क्लोरीन लावलेलं थायाझोल वेगळं बनवतात. मिथाइल नायट्रोग्वानिडीन आणि फॉर्माल्डिहाइड या रसायनांपासून रेणूतलं दुसरं कडं वेगळं बनवतात. मग अल्कली घालून दोन्ही जोडतात. चुलीवरच्या पातेल्यात हे होत नाही.

राहिला फुलोरा. जीवनसत्त्व बी-१ मध्येही थायाझोलचंच कडं आहे, असं कुणी सांगेल. आहे ना! पण त्या कड्याला पुढे काय जोडलंय त्यावर सगळं ठरतं. थायामेथोक्झाम किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालतं, झाडाच्या रसातून फिरतं, परागात आणि मधुरसातही उतरतं. मधमाशी त्यातून सुटत नाही. युरोपीय संघानं २०१८ मध्ये उघड्या शेतात त्याचा वापर बंद केला तो याचसाठी.

कपाशी पिवळी दिसली तर आधी पानं बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी असतील तर गंधकाची शंका घ्या, खालची जुनी असतील तर नत्राची. कडा पिवळ्या-लाल होऊन पान खाली वळलं असेल तर ते उलटून बघा, तिरके पळणारे हिरवे तुडतुडे तिथेच सापडतील.